गॅरेजमधला शेजारी

घर विकायचं असेल तर आधी त्यातला माणूस पुसून काढा, हा नियम ज्या कुणी काढला त्या शहाण्याने जन्मात स्वतःचं घर झाडलेलं नाही. नाव ठाऊक असतं तर इथे छापलं असतं. त्याच्यापायी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला व्हर्लिन नटसन, स्कूलबस दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला एकाहत्तर वर्षांचा माणूस, तीन आठवडे स्वतःच्याच घरात चोरासारखा राहत होता.

एजंट केंड्रा आली ती यादी घेऊनच. "मिस्टर नटसन, मनाला लावून घेऊ नका. गिऱ्हाइकाला इथे स्वतःचं घर दिसायला हवं. तुमचं दिसलं की संपलं."

"अगं पोरी, पण ते माझंच आहे ना?"

"तोच तर घोळ आहे."

हरणाचं डोकं, बोलिंगचे कप, फ्रीजवरचे फोटो आणि व्हर्लिनच्या बुडाचा खड्डा पडलेली आरामखुर्ची, सगळी मंडळी गॅरेजमध्ये गेली. त्यांच्या जागी पांढरा सोफा आला, वाडगाभर लिंबं आली, कोपऱ्यात गिटार आली. भिंतीवर चंदेरी चौकटीत समुद्रकिनारी खिदळणारं चौघांचं कुटुंब लागलं.

"हे कोण?" व्हर्लिनने विचारलं.

"दुकानातून चौकटीबरोबरच आले," केंड्रा म्हणाली. "छान आहेत ना?"

व्हर्लिनने तिला लिंबांसकट हाकललं असतं. पण बायकोचे, आर्लीनचे, गुडघे गेले होते. झोपायची खोली वर, कपडे धुवायचं यंत्र तळघरात; बाई जिने तिरपी होऊन उतरायची. मुलीच्या शेजारी एक बिनजिन्याचं घर मिळत होतं, पण मालक सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंतच थांबणार होता. तोवर हे घर गेलं नाही तर तेही गेलं. म्हणून व्हर्लिन दात घासून ब्रश लपवत होता.

रविवारी एक ते तीन घर सगळ्यांना बघायला खुलं. अशा वेळी मालकाने तोंड दाखवायचं नसतं. आर्लीन गाडी घेऊन चर्चमधल्या जेवणाला निघाली. निघताना तिने विचारलं, "तू रे?"

"मी लायब्ररीत बसतो."

रविवारी लायब्ररी बंद असते, हे त्याला लायब्ररीच्या दारात पोचल्यावर आठवलं. थंडी अशी की नाकातले केस ताठ झाले. तो मुकाट परत फिरला, बाजूच्या दाराने गॅरेजमध्ये शिरला, हीटर लावला, बूट-मोजे काढले आणि आपल्या खुर्चीत रेलला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला घरी आल्यासारखं वाटलं. डोळा लागला.

किंकाळीने तो जागा झाला. दारात शिकागोहून आलेली एक तरुण बाई, ग्रेटा, तिचा नवरा कोल, आणि मागे पांढरीफटक केंड्रा.

"हे... हे शेजारी!" केंड्रा ओरडली. "शेजारी आहेत!"

"शेजारी यांच्या गॅरेजमध्ये झोपतात?" कोलने विचारलं.

सगळे व्हर्लिनकडे बघायला लागले. "हीटर चांगला आहे," तो म्हणाला. खोटं तर नव्हतंच.

ग्रेटाला दया आली. "काका, या ना, आम्हाला जरा घर दाखवा. तुम्हाला सगळं माहीत असेल."

व्हर्लिन अनवाणीच आत गेला आणि पहिल्याच खोलीत गोंधळला; केंड्राने सकाळी सामान पुन्हा हलवलं होतं. दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तिथे आता आरसा. जेवायच्या खोलीत पलंग. चव्वेचाळीस वर्षं राहिलेल्या घरात त्याला संडास कुठे ते विचारावं लागतंय की काय, असं झालं.

"हेच का इथे राहणारे लोक?" ग्रेटा चौकटीपुढे उभी होती. "किती आनंदी! गिटार कोण वाजवतं?"

"मी तरी कधी ऐकली नाही."

"आणि स्वभावाने कसे आहेत?"

व्हर्लिनने त्या चौघांकडे नीट पाहिलं. पांढऱ्या सोफ्यावर बसणारी, लिंबं न पिळणारी माणसं. त्याला मनापासून राग आला. "बिनकामाची आहेत," तो म्हणाला. "तळघरातली घर तापवायची भट्टी कुठे लाथ घातली की पेटते, तेसुद्धा यांना ठाऊक नाही. सगळं मीच करतो. छप्पर मी केलं. गटार मी उपसतो."

"तुम्ही? या वयात?" कोल म्हणाला. "आणि बसायला गॅरेज?"

"आत बसायची मनाई आहे," व्हर्लिन म्हणाला. केंड्राने त्याला कोपराला धरून दाराकडे वळवलं.

सोमवारी दुपारी चारनंतर केंड्रा धावतच आली. "आली ऑफर! मागितली तेवढी पूर्ण किंमत! फक्त... सोबत एक पत्र आहे."

आर्लीनने ते मोठ्याने वाचलं. 'घर आम्हाला फार आवडलं. तुम्ही मात्र नाही. ज्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने तुमचं घर उभं ठेवलं, त्याला तुम्ही सोफ्यावर बसू देत नाही. अमेरिकेत अशी माणसं आहेत याची आम्हाला लाज वाटते. आम्ही घर घेऊ, पण एका अटीवर. गुरुवारी सह्यांच्या वेळी त्या काकांना बोलवा. मालकाने आमच्यासमोर त्यांची माफी मागायची आणि हात मिळवायचा.'

स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"खरं सांगून टाकू," व्हर्लिन म्हणाला.

"सांगितलं तर पळतील!" केंड्रा रडायच्या बेतात. "शेजारी म्हणून मी ओळख करून दिलीय. माझं लायसन्स जाईल, तुमचं घर जाईल. मिस्टर नटसन, प्लीज!"

"म्हणजे मी माझी माफी मागू?"

आर्लीन आतापर्यंत हसू दाबत होती. ती टेबलाला धरून हळूच उठली, गुडघ्यांनी दोनदा आवाज केला. "माफी मी मागते. घर माझ्याही नावावर आहे." ती व्हर्लिनकडे वळली. "आणि भट्टीचं म्हणशील तर इतक्या वर्षांत तुला थँक्यू म्हटल्याचं मला काही आठवत नाही."

व्हर्लिनने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे, आणि पेन उचलून ऑफरवर सही ठोकली. केंड्राने लगेच फोन लावला आणि पाचला दहा कमी असताना ते दुसरं घर त्यांचं झालं. केंड्राने कागद पिशवीत कोंबले आणि दाराकडे सुटली.

"थांब," व्हर्लिन तिच्यापुढे आडवा उभा राहिला. "विक्रीच्या कागदावर सह्या दोन लागतात. तिची एक, माझी एक. आणि शेजारी तर समोर बसलेला हवा. मग गुरुवारी मी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसू? मालकाच्या की शेजाऱ्याच्या? घड्याळ काय बघतेस? उत्तर दिल्याशिवाय तुला सोडत नाही. बोल!"