सगळ्यांत लांबचा पाहुणा

अक्षता पडल्या, फोटो झाले आणि मंडपातली माणसं जेवणासाठी चुळबुळू लागली. नेमकं तेव्हाच आचाऱ्याने गहिनीनाथांच्या कानात सांगितलं, की गॅस मध्येच संपला, दुसरी टाकी यायचीय आणि भात अजून कच्चाच आहे. सोनईत एवढ्या हौसेने पोरीचं लग्न मांडलेलं. पंगत रखडली तर बेलापूरचे व्याही रुसणार आणि राजनंदिनीला ते सासरी जन्मभर ऐकावं लागणार.

"सर, कायतरी बोलत ऱ्हावा," त्यांनी माइकवरच्या अवधूत सरांना विनवलं.

अवधूत सर इंग्रजीचे शिक्षक. त्यांना बोलायला लावणं सोपं, थांबवणं अवघड. रिवाजाप्रमाणे त्यांनी पुकारलं, की लांबच्या पाहुण्यांनी आधी बसून घ्यावं. निम्मा मंडप उठला.

"थांबा," सर म्हणाले. "नुसते लांबचे नकोत. इंग्रजीत फार्देस्ट म्हणतात. म्हणजे ज्याच्या पलीकडून कुणीच आलेलं नाही, असा एकच. तो ठरला की पंगत."

मग काय विचारता! भंडारदऱ्याचे छगनमामा मिशीवर हात फिरवत पुढे झाले. पुण्याच्या मोनिकाने मोबाईलवर नकाशा काढून आपलंच अंतर जास्त असल्याचं दाखवलं. मामा म्हणाले, घाटातली वळणं नकाशाला काय कळतात? मंडपासमोरच राहणाऱ्या भीमाबाईंनी आपलं माहेर नागपूरचं असल्याची आठवण करून दिली.

एवढ्यात व्याही सूर्यभान ताडकन उठले. गहिनीनाथ लगबगीने तिकडे निघाले.

"आदी हे ठरवा सर," सूर्यभान कडाडले, "अंतर रस्त्यानं मोजायचं का सरळ रेघंत? त्याबिगर आमी बसनार न्हाई."

त्यावरून मंडपात सरळ दोन तट पडले. लग्न मोडतंय की काय, या धास्तीने गहिनीनाथ घामाघूम झाले. शेवटी आचाऱ्याने लांबून हात हलवला, सरांनी घाटातली वळणं हिशेबात धरून छगनमामांना मान दिला आणि वाफाळता भात पानात पडला.

गहिनीनाथ हात जोडून व्याह्यांपाशी गेले. "पाव्हणं, जरा उशीर झाला. राग धरू नका."

"कसला राग?" सूर्यभान हळूच म्हणाले. "आचारी तुमच्या कानाला लागला तवाच वळाकलं मी. थोरल्याच्या लग्नात आमचाबी भात असाच राह्यल्ता. तवा कुनी भांडायलाबी उठलं न्हाई."

गहिनीनाथांचा जीव भांड्यात पडला. पोरगी चांगल्या घरी पडली, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि डोळे पुसत त्यांनी व्याह्यांच्या पानात स्वतः भात वाढला.