स्वयंपाकघरात हालचाल नाही

शेजारच्या बापूरावांच्या फ्रिजमध्ये मी दुधाची पिशवी ठेवली, एवढाच माझा गुन्हा. ते फिरायला गेले होते, पिशवी फाटकावर उन्हात लटकत होती आणि त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते. उपकार करून मी मोठ्या ऐटीत परत आलो.

बापूराव दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यातून निवृत्त झालेले, घरात एकटे. पुण्याच्या मुलीनं त्यांच्या स्वयंपाकघरात पांढऱ्या डब्या चिकटवल्यात. कोणी हललं, फ्रिज उघडला, की तिच्या आणि यांच्या मोबाइलवर कळतं. तेव्हापासून बापूराव माणसं ओळखायला लागले. "डाटा सांगून राह्यला," हे त्यांचं पालुपद. हौसेनं एक डबी त्यांनी अंगणातल्या आमच्या सामाईक भिंतीवरही बसवली. मला म्हणाले, "तुमच्या येरझारा वाढल्या. बीपी तपासा." तपासलं. वाढलेलं निघालं. कोणामुळे, ते डबीला कळत नाही.

खरा वैताग सकाळचा. घरी गॅस, साखर, पत्ती सगळं असताना हे गृहस्थ फिरून थेट आमच्या दारातल्या ओट्यावर. मोबाइल समोर ठेवून चहा पितात, माझा पेपर माझ्याआधी वाचतात आणि मुलीचा फोन आल्याशिवाय उठत नाहीत.

त्या दिवशी फोन आलाच नाही. चहावर साय धरली. बापूरावांनी मोबाइल उघडून पाहिला.

"माह्या स्वयंपाकघरात कोण गेलतं?"

"मी. दूध ठेवलं. आभार राहू द्या."

"तुम्हाले कोणी सांगतलं होतं हो? आता नाही येत तिचा फोन."

"काहून?"

"सकाळी तिथं कोणी हललं नाही, तर तिले काळजी वाटते. मंग फोन करते. हालचाल दिसली, का बाप बरा आहे म्हणून कामाले लागते." पेपराची घडी घालत म्हणाले, "बऱ्या माणसाले कोण कायले फोन करते?"

"मग तुम्हीच लावा ना."

"मी लावला का ती घाईत असते. तिनं लावला, का बोलते."

चहा तसाच ठेवून ते घरी गेले. मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार, तेवढ्यात बायको कप उचलायला आली.

"उद्यापासून त्यांचं दूध आपल्या फ्रिजमध्ये ठेवा," ती म्हणाली. "अन् पेपर त्यांना आधी वाचू द्या."