एकशे चाळीस मिलिमीटरचा जावई

मोहितने फक्त एवढंच ठरवलं होतं की सायकल डिंगोऱ्याला घेऊन जायची. बस. यात कुणाचं काही बिघडायचं कारण नव्हतं.

आता सायकल अजून त्याची नव्हती, ही गोष्ट वेगळी. ती बाणेरच्या रत्नदीपच्या दुकानातली, लोकांना चालवून बघायला ठेवलेली. रत्नदीप म्हणाला होता, "दोन दिवस ने. मनसोक्त चालव. पण एक ओरखडा जरी आला ना, तर गाडी तुझी." मोहित हसला. रत्नदीप हसला नाही.

सायकल कसली ते सांगतो, म्हणजे तुम्हाला मोहितचं दुःख कळेल. (समृद्धीला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते अकरा महिन्यांत कळलं नाही, पण तुम्ही प्रयत्न करा.) डोंगरात चालवायची सायकल. पुढच्या चाकाला शॉक, मागच्या चाकालाही शॉक. दगडावरून जाताना चाक किती मिलिमीटर वर सरकतं, त्याला म्हणतात ट्रॅव्हल. शंभर-एकशेवीस म्हणजे कमी. एकशे साठच्या पुढे म्हणजे ज्यांना कड्यावरून खाली यायची घाई असते त्यांच्यासाठी. मोहितला मधली हवी होती. आता मधली म्हणजे एकशे तीस, एकशे चाळीस की एकशे पन्नास? इथे अकरा महिने गेले.

या अकरा महिन्यांत त्याने एक्सेलची एक शीट बनवली, तिच्यात सदतीस कॉलम. लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात बसून टिश्यू पेपरवर मागच्या शॉकची आकृती काढली. दाताच्या डॉक्टरला, तोंडात कापूस असताना, एकशे तीस आणि एकशे चाळीसमधला फरक समजावून सांगितला. (डॉक्टरने पुढची अपॉइंटमेंट स्वतःहून लांबची दिली.) त्यात मोहितची नोकरी मोबाइलची ॲप तपासायची. एखाद्या बटणाचा निळा रंग एका शेडने चुकला तरी त्याला कळतं, असं तो सांगतो.

शेवटी समृद्धी म्हणाली, "रविवार रात्रीपर्यंत ठरव. घे, नाहीतर सोड. सोमवारपासून या घरात मिलिमीटर हा शब्द फक्त पावसाच्या बातम्यांत ऐकू आला पाहिजे."

नेमका त्याच शनिवारी डिंगोऱ्याला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं होतं. अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि तो आला की सासुरवाडीला जावयाचा भाव कांद्यापेक्षा वर जातो. मोहितने विचार केला, तिकडे खरे दगड, खरा डोंगर. शनिवारी जेवायचं, रविवारी सकाळी चालवून बघायची, निर्णय घ्यायचा, संध्याकाळी परत. एका दगडात दोन पक्षी. (दगड डोक्यात पडणार हे तेव्हा माहीत नव्हतं.)

गाडीच्या मागे रॅक, रॅकवर सायकल, सायकलवर बबल रॅप, त्यावर समृद्धीच्या रुखवतातली चादर. प्रत्येक स्पीडब्रेकरला मोहित आरशात मागे बघायचा.

"पुढे मी बसलेय," अवसरीच्या फाट्याजवळ समृद्धी म्हणाली. "अधूनमधून माझ्याकडे बघितलंस तरी चालेल." ती तिथल्याच कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झालेली. पण घरात सायकलवर बोलायचा हक्क मोहितचा, त्यामुळे तिच्या डिग्रीचा विषय कधी निघाला नाही.

डिंगोऱ्याला पोचल्यावर सासरे, धर्माजी (समृद्धीचे आप्पा), ओट्यावरून उतरून आले. जावयाकडे बघितलं, हसले, आणि थेट सायकलीकडे वळले. बैल घेताना बघतात तसं त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग सीटवर तळहात ठेवून जोर दिला. सायकल फुस्स करून खाली गेली.

"पावणं," धर्माजी हळूच म्हणाले, "ही बसली की हो."

"मामा, ती दबायलाच पाहिजे."

"नव्या गाडीला?"

"हो. मुद्दाम तशी बनवतात."

"आमच्या पिकअपचा शॉकबी असाच बसला व्हता. पण त्याला बारा वर्सं झाल्ती." ते वाकून खाली बघायला लागले. "स्टँड?"

"नसतो."

"क्यारेज? मडगार? घंटी?"

"या टाइपला नसतं मामा काहीच."

"दुकानदारानं काढून ठिवलं आसंल. कितीला सांगतोय?"

आता अशा सायकलवाल्यांचा एक नियम असतो. नातेवाइकांनी किंमत विचारली की एक शून्य पाडायचं. सायकल होती दोन लाख वीस हजारांची.

"बावीस हजार," मोहित म्हणाला.

"बावीस हजारात साधा स्टँड न्हाई!" धर्माजींच्या चेहऱ्यावर जावयाबद्दल खरीखुरी माया दाटून आली. फसलेल्या माणसाबद्दल येते तशी.

"असू द्या वं," सासूबाई ठकूबाई आतून म्हणाल्या. "पोराला आवडलीय न्हवं? पाय धुवायचं पाणी निवतंय, पावण्यांना आत घ्या."

धोंड्याला जावई म्हणजे साक्षात विष्णू. पाटावर बसवून पाय धुतात, गंध लावतात. ठकूबाई पाय धूत असताना विष्णूने त्यांना मागच्या चाकाचा ट्रॅव्हल समजावून सांगितला. त्या "हो का, बया!" म्हणत राहिल्या. मग ताटात पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, बाजूला तेहेतीस अनारसे. मोहितने नऊ धोंडे खाल्ले. सातव्यानंतर नको म्हणाला होता, पण विष्णूचं तिथे कोण ऐकतं?

आणि मग तो झोपला. विष्णू शेषावर झोपतो, मोहित कापसाच्या गादीवर. बाकी सगळं सारखंच.

साडेपाचला जाग आली तेव्हा भिंतीला टेकवलेली सायकल जागेवर नव्हती. चादर होती, नीट घडी केलेली.

"समृद्धी! सायकल!"

"आप्पा घेऊन गेलेत ओतूरला," समृद्धी अनारसा खात म्हणाली. "मी मामीकडे गेले होते, आत्ताच आईने सांगितलं. पिकअपमध्ये टाकून नेली. कांद्याच्या गोण्यांवर आडवी."

"आडवी?"

"आडवी. फोन घरीच विसरलेत ते. बस शांत."

मोहित शांत बसला. म्हणजे ओट्यावरून रस्त्यापर्यंत एकेचाळीस वेळा शांतपणे गेला आणि आला.

दिवेलागणीला पिकअप आली. धर्माजी उतरले आणि त्यांनी फाळका पाडला. आधी दिसला झेंडूचा हार. मग हाराखाली घंटी. मग दोन्ही चाकांवर चकचकीत मडगार्ड, मागे लोखंडी कॅरेज आणि खाली स्टँड. स्टँड असा भक्कम की त्यावर ट्रॅक्टर उभा राहिला असता.

"कुंडलिककडं न्हेली व्हती," धर्माजी म्हणाले. कुंडलिक म्हणजे ओतूरचा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा फिटर. "म्हणलं, जावयाची गाडी हाय, काय कमी ऱ्हायला नको. अन् हे बगा."

त्यांनी हार बाजूला केला. सायकलीच्या वरच्या नळीवर, त्या मॅट काळ्या रंगावर, (मॅट काळा की ऑलिव्ह यात दीड महिना गेला होता) बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं:

*अधिक ज्येष्ठ, शके १९४८. चि. मोहितराव यांस सौ. ठकूबाई व श्री. धर्माजी नायकोडी, डिंगोरे, यांजकडून सप्रेम*

"भेट?" मोहितने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"भेट खालच्या नळीवं हाय. वर जागा पुरली न्हाई."

धोंड्याच्या वाणाची जी वस्तू जावयाला देतात, तिच्यावर नाव घालायचं ही त्या घरातली पिढ्यान्पिढ्यांची रीत. ताम्हण असो, निरांजन असो, कळशी असो, भांडीवाल्याच्या मशीनखालून गेल्याशिवाय ती वस्तू उंबरा ओलांडत नाही. ते मशीन सायकलवर चालवू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

"भांडीवाला नको म्हणत व्हता," धर्माजी सांगत होते. "म्हणला, हे पितळ न्हाई, तांबं न्हाई, कंपनी कसली हाय कळत न्हाई. मी म्हणलं, तू मशीन लाव. नाव आसलं की वस्तू चोरीला जात न्हाई पावणं. आमच्या लग्नातली कळशी बगा. चाळीस वर्सं झाली, अजून घरात हाय." मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि मोहितच्या हातात कोंबलं. "बावीस हजार हायती. गाडी आमच्याकडून. धोंड्याला जावयाला मोकळ्या हातानं धाडत नसतात."

मोहितने सासऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं. तिथे एवढा आनंद होता, की एक शून्य परत जागेवर ठेवायला कुठे फटच नव्हती.

"छान आहे मामा," तो म्हणाला. "अक्षर वळणदार आहे."

रात्रीच्या जेवणाआधी त्याने रत्नदीपला फोटो पाठवला. दोन मिनिटांनी उत्तर आलं: "अभिनंदन. बिल कुणाच्या नावाने करू ते विचारत नाही, दिसतंय."

"चला, ठरलं एकदाचं," समृद्धी म्हणाली.

"हे ठरणं नाही!" मोहित कळवळून म्हणाला. "अकरा महिने मी निवडतोय, आणि शेवटी निवड कुणी केली? भांडीवाल्याने! उद्या चालवल्यावर कळलं की एकशे चाळीस हा आकडाच चुकलाय, तर?"

समृद्धीने हातातला अनारसा खाली ठेवला. मग चक्क मऊ आवाजात म्हणाली, "हे बघ, उद्या चालव आणि अगदी मनापासून सांग. नाही आवडली तर मी आप्पांना खरा आकडा सांगते, आपण काहीतरी मार्ग काढू. आवडली तर विषय संपला. कायमचा. पण खरं सांगायचं हं."

एवढं मोठं वचन तिने लग्नातही दिलं नव्हतं.

रविवारी सकाळी सातला गावामागच्या डोंगराच्या पायथ्याला मंडळी जमली. धर्माजी, ठकूबाई, समृद्धी, आणि आपलं काम कसं उतरलंय ते बघायला ओतूरहून लुना घेऊन आलेला कुंडलिक. मोहित सायकल ढकलत वर खिंडीपर्यंत गेला होता. तिथून खाली येणारी गुरांची वाट म्हणजे नुसते धोंडे. (खायचे नव्हेत.)

आधी घंटी ऐकू आली. वाजवायला लागतच नव्हती, दर दगडाला आपोआप वाजत होती. मग मडगार्डचा खडखडाट. मग मोहित दिसला, म्हणजे त्याच्या जागी एक थरथरणारा पुसट आकार दिसला.

"पावण्यांना थंडी वाजतीय का काय?" ठकूबाईंनी विचारलं. मे महिना चालू होता.

मोहित खाली येऊन थांबला. हेल्मेट नाकावर आलेलं. दोन्ही हात हँडलवरून सुटल्यावरही तसेच हलत होते. त्याने बोलायला तोंड उघडलं, दात वाजले, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं.

"काय गाडी आहे!" तो म्हणाला. "समृद्धी, काय गाडी आहे! लोणी! मागचं चाक दगड नुसते गिळत होतं. एकशे तीसला हे झेपलंच नसतं. एकशे पन्नास असती तर डुलली असती. एकशे चाळीस! मला एकेक मिलिमीटर जाणवत होता, खरंच सांगतो. अगदी मनापासून."

आणि तिथेच त्याने सायकलवाल्यांच्या ग्रुपवर तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्यात 'प्लश' (म्हणजे सायकलवाल्यांच्या भाषेत मऊसूत) हा शब्द सात वेळा आला. समृद्धीने सुटकेचा निःश्वास टाकला. धर्माजींनी मिशीवरून हात फिरवला. एका क्षणासाठी त्या डोंगराखाली सगळे सुखी होते.

कुंडलिकला वाटलं, आपल्याही कामाचा कुणीतरी उल्लेख करावा.

"कालच्यापरीस फरक पडला न्हवं पावणं?" तो म्हणाला. "मामांनी काल लई जीवाला लावून घेतलं व्हतं. जावयाची गाडी दबतीय, दबतीय. मी म्हणलं, मागं लाकडाची पाचर ठोकू. पण मंग बघतो तर ही निळी कळ. फिरिवली. मागची फिरिवली, म्होरलीबी फिरिवली. तवापासनं सूतभर दबत न्हाई गाडी. पार धोंडा करून टाकली."

डोंगरात कुठेतरी मोर ओरडला.

समृद्धी पुढे आली. तिने सीटवर तळहात ठेवला आणि सगळा भार दिला. सायकल जराही हलली नाही. तिने मागच्या शॉकवरची निळी कळ बघितली. कळीच्या एका बाजूला बंद कुलपाचं चित्र होतं, एका बाजूला उघड्या कुलपाचं. लहान मुलालाही कळेल असं. मग तिने मोहितकडे बघितलं. मोहित मडगार्डवरची धूळ अंगठ्याने पुसत होता.

तिने मागची कळ फिरवली, पुढची कळ फिरवली, आणि म्हणाली, "बस."

मोहित बसला. फुस्स झालं. सायकल हळूच खाली गेली, वर आली, थोडी डुलली आणि थांबली. चौघं जण बघत होते. मोहितने जागच्या जागी दोनदा वर-खाली करून बघितलं. डोळे मिटले. कपाळावर ती जुनी, अकरा महिन्यांची आठी आली.

"समृद्धी," तो म्हणाला, "ही फारच दबते गं. एकशे तीसचीच बघायला हवी होती."