अभ्यास दौऱ्यावरचा उंट

बद्रीनाथ काकांच्या मोबाइलमध्ये अभ्यास दौऱ्याचे ढीगभर फोटो होते आणि एकाही फोटोत अभ्यास नव्हता. गावचे उपसरपंच म्हणून काका सदस्यांना घेऊन पुण्याच्या पलीकडचं एक आदर्श गाव बघायला निघाले होते. वाटेत कुणीतरी समुद्राचं नाव काढलं आणि गाडी सरळ कोकणात उतरली. फोटोंत काका पँट दुमडून लाटेत उभे होते, काका उंटावर बसले होते, एकात तर नुसताच उंट होता. आणि सोमवारी तालुक्याच्या साहेबांना आदर्श गावाचे फोटो दाखवायचे होते.

"अर्पे, तूच कर कायतरी," काका पुतणीला म्हणाले. "न्हाई तं पुढच्या निवडणुकीत हा उंटच माझ्यासमोर उभा करतील लोक."

दहावीतली अर्पिता म्हणजे घरची छायाचित्रकार. तिनं गावातल्या पाझर तलावाचा फोटो स्टेटसला ठेवला की मावश्या विचारायच्या, "काश्मीरला कधी गेल्ती गं?" प्रत्यक्षात तिचा प्रवास जालन्याच्या पुढे गेलेला नव्हता. शाळेची सहल यंदा समुद्रावर चालली होती, पण पप्पा म्हणाले होते, "समुद्र म्हंजी पाणीच ना? मंग आपल्या विहिरीत काय हाय?"

"काढते फोटो," अर्पिता म्हणाली. "पण पप्पांकडून सहलीला हो म्हणवून घ्या."

"तुझा पप्पा अंगद माझ्या शब्दाबाहेर न्हाई. पण आदर्श गाव आणायचं कुठून?"

"आपली गल्ली आहे की. कोपरा नीट धरला की कुठलंही गाव आदर्श दिसतं, काका."

रविवारी सकाळी कोपरा धरला, तर त्यात उकिरडा आला. उकिरडा हलवला, तर त्यामागे आजवर सुखानं लपलेली उघडी नाली दिसायला लागली. नाली झाकायच्या फरशा मागेच मंजूर होऊन आल्या होत्या आणि वसंता सदस्याच्या गोठ्यात निवांत पडल्या होत्या. त्या गुपचूप परत आल्या. नाली झाकली तसा भिंतींचा रंग डोळ्यांत खुपायला लागला, म्हणून भिंती रंगल्या. झाडांचे पिंजरे रस्त्याच्या कडेला होतेच, त्यांत झाडं तेवढी नव्हती. ती आणून लावली. उरली द्वारकाबाईंची म्हैस.

"द्वारकाबाई, घंटाभर म्हैस हलवा," काका म्हणाले.

"काहून? आदर्श गावातले लोक चहा कोरा पेतेत का?"

शेवटी म्हशीला साबण लावून धुतलं आणि आहे तिथंच राहू दिलं.

मग काका नालीकडे बोट दाखवू लागले आणि सदस्य, जन्मात पहिल्यांदाच नाली बघत असल्यासारखे, माना डोलावू लागले. अर्पिता उजेड बघून फोटो काढत होती.

"जीपीएसवाला कॅमेरा लावला ना?" काकांनी बजावलं. "त्याच्याबगर साहेब फोटोला हात लावत न्हाई."

संडासाचा फोटो असो की रोपाचा, सरकारी कामाच्या फोटोखाली गावाचं नाव आणि तारीख उमटलीच पाहिजे, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. अर्पितानं सवयीनं तोच कॅमेरा लावला होता.

सोमवारी मोबाइलवर फोटो सरकवून दाखवायला काकांनी तिला सोबत नेलं. साहेब खूश झाले. "वा. कुठलं गाव म्हणालात?"

"पुण्याच्या पल्याड हाय, साहेब. लई लांब."

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "खाली तर तुमच्याच गावाचं नाव आहे. तारीख कालची."

काकांनी अर्पिताकडे पाहिलं. अर्पितानं पंख्याकडे पाहिलं. पंख्यासोबत तिची सहल गरगरत होती.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "दौऱ्यात जे बघितलं ते काकांनी आल्या आल्या गावात केलं. म्हणून तिकडचे फोटो आणलेच नाहीत."

साहेब खुर्चीतून उठले. "इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बघतोय. नाहीतर लोक दौऱ्यावरून उंटावरचे फोटो घेऊन येतात."

"काय लोक असतेत एकेक," काका हळहळले.

त्याच संध्याकाळी काकांनी भावाला असा दम भरला, की पप्पांनी संमतीपत्रावर सही केली आणि वर गॉगल घ्यायलाही पैसे दिले. अर्पितानं समुद्रावर कुठल्या बाजूनं फोटो काढायचे तेही ठरवून टाकलं.

आठवडाभरानं सर वर्गात आले. "मुलांनो, सहलीचं ठिकाण बदललंय. साहेबांचं पत्र आहे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं आधी आपल्याच तालुक्यातली आदर्श गल्ली बघायची. नुसतं पाणी बघून काय शिकणार तुम्ही?"

सहलीच्या दिवशी नियमाप्रमाणे सगळ्यांनी शाळेत जमायचं होतं. म्हणून अर्पिता भल्या सकाळी एसटीनं टेंभुर्णीला शाळेत गेली आणि सहलीच्या गाडीत बसून, गॉगल लावून, पुन्हा आपल्याच दारात उतरली. द्वारकाबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या.

"इतक्यात सुटली का गं शाळा?"

"न्हाई आजी. सहलीला आलेय."

मागून सरांची शिट्टी वाजली. "ए अर्पिता, रांगेत. स्थानिक लोकांना त्रास द्यायचा नाही."