भावोजींच्या तीन जावा

आमच्या भावोजींच्या एका कॉम्प्युटरात तीन जावा नांदतात. जावा हे आतून प्रोग्राम चालवणाऱ्या कसल्याशा व्यवस्थेचं नाव आहे, एवढं मला लेकीनं सांगितलं. तिची नोकरीच त्यातली. भावोजी मात्र घरातल्या बायकांबद्दल बोलावं तसं बोलतात. थोरली, मधली, धाकटी. जुना प्रोग्राम जुनीवरच चालतो, नवा नवीवर. "प्रत्येकीची चूल वेगळी ठेवली की भांडण नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रोज अंघोळ झाली, गंध लावलं की ते कॉम्प्युटरपुढे बसून विचारतात, "आज कारभार कुणाकडे?" देवळाच्या पावत्या असल्या तर मधलीकडे, पंचांग बघायचं तर धाकटीकडे. भिंतीवर तसा तक्ताच चिकटवलाय. चुकून भलतीकडे कारभार गेला की पडद्यावर लाल अक्षरं येतात. मग भावोजी कपाळाला हात लावून इथल्या अर्ध्या कानडीत म्हणतात, "मधलीचं काम धाकटीला सांगितलं. आयतु, झालं!" आणि पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या महिन्यात लेक म्हणाली, थोरली फार जुनी झाली, तिच्या वाटेनं चोर आत शिरतात, तिला काढायला हवं. त्यावरून दोघांचं इतकं वाजलं की अग्रहारातल्या, म्हणजे इथल्या ब्राह्मण आळीतल्या, आमच्या गल्लीभर ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी, समोर नव्यानं राहायला आलेल्या साताऱ्याच्या बाईंनी मला भाजीच्या गाडीपाशी बाजूला घेतलं. हळूच म्हणाल्या, "ताई, थोरल्या जावेला घराबाहेर काढताय म्हणे. या वयात कुठं जाईल हो ती?"

मला हसू फुटलं आणि तिथंच विरलं. माझी थोरली जाऊ, म्हणजे भावोजींची बायको, जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो.

रविवारी लेक थोरलीला काढायलाच बसली. मी चहा घेऊन दाराशी उभी होते. बघते तर थोरलीवर एकच प्रोग्राम होता, रांगोळ्यांचा. ठिपके मांडायचे, रेघा जोडायच्या. अक्कांना त्याचं वेड, म्हणून भावोजींनीच तो लिहिला होता.

"एवढंच ना, काका?" लेक म्हणाली. "मी हा धाकटीवर चालेल असा करून देते. अक्कांची एकही रांगोळी जाणार नाही."

"लवकर उघडेल?"

"लगेच."

"मग नको, पुट्टी." लेकीला ते अजून पुट्टीच, म्हणजे छोटीच, म्हणतात. चष्मा काढून ते पंच्याच्या टोकानं पुसत राहिले. "थोरलीला दोन मिनिटं लागतात. मी चालू करून हाक मारायचो. तेवढ्यात ती पिठाचे हात धुऊन यायची."

 लेकीनं थोरलीवरचा तो प्रोग्राम चालू केला आणि उठून माझ्याजवळ आली. पडद्यावर बारीक चक्र फिरायला लागलं.

भावोजी आपल्या जागेवर बसले. मग त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची जरा बाहेर ओढून ठेवली. आम्ही दोघी उभ्याच राहिलो.