नर्सबाईंचा सरकारी हुकूम

"पूर्णगडातील तमाम महिलांस कळविण्यात येते की, सड्यावरच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रत्येकीने रोज संध्याकाळी स्वतः चालत जाऊन आणावा. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही. हुकुमावरून."

वाडीत नळ आला आणि बायकांचं विहिरीवर जाणं थांबलं, त्या वर्षी हा गंभीर कागद पंचायतीच्या भिंतीवर लागला. तो मुंबईच्या सरकारने काढला नव्हता, रत्नागिरीच्या कचेरीनेही नव्हता. काढला होता माझ्या शेजारणीने, आरोग्यसेविका इंदूबाईंनी. अक्षर मात्र माझं. मी शाळामास्तर. "मास्तर, तुमचं अक्षर अगदी सरकारसारखं दिसतं," असं त्या म्हणाल्या आणि मी फुगलो, तिथेच फसलो.

इंदूबाई पोफळीहून बदलून आलेल्या, एकट्या. काखेत वजनकाटा घेऊन घरोघर फिरत. बाई काट्यावर चढली की आकडा तिच्या कानात सांगत. "माझं तोंड, तुझा कान. तिसरा कोण नाय!" पण तो आकडा लिहायचा कुठे? सरकारी रजिस्टरात गरोदर बाईला रकाना होता, अशक्त पोराला होता. घरात बसून जड झालेल्या, गुडघे धरून उठणाऱ्या बाईला नव्हता.

सगळ्यांत जास्त काळजी हमीदाभाभींची. नवरा दुबईला, ब्लडप्रेशर वाढलेलं, चार पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टर म्हणाले, रोज चाला.

"चालू कुठं?" भाभी म्हणाल्या. "बिनकामाची बाय रस्त्याला दिसली तर गाव विचारणार, ही निघाली कुठं?"

"मग काम काढू या," इंदूबाई म्हणाल्या. त्यातून हा हुकूम.

सरकारचं नाव ऐकून सासवा गप्प झाल्या. रोज पाच वाजता दहा-बारा बायका कमरेवर कळशी घेऊन निघत. पुढे इंदूबाई. "हला गो, हला! सरकार खोळंबलंय!" भाभी आधी वडापर्यंत पोचल्या, मग पाखाडीच्या दगडी पायऱ्यांच्या टोकापर्यंत, आणि दोन महिन्यांनी थेट वर, सड्याच्या माळावर, विहिरीपाशी. त्या दिवशी कानात आकडा ऐकून त्या नव्या नवरीसारख्या लाजल्या.

पाण्याचे नमुने? ते इंदूबाईंच्या अबोलीला.

मग एक दिवस रत्नागिरीच्या कचेरीची जीप आली. साहेबांनी भिंत वाचली.

"नमुने कुठे आहेत?"

इंदूबाईंनी फुललेली अबोली दाखवली.

"आणि हा हुकूम कोणी काढला?"

मी आभाळ न्याहाळू लागलो.

"बायकांच्या गुडघ्यांनी, साहेब," इंदूबाई म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद टराटरा फाडला, "पुन्हा दिसला तर बदली," म्हणाले आणि जीप निघून गेली.

इंदूबाईंना स्टोव्हशी भांडायची सवय. "पेट रे मेल्या, एकटीचा तर भात!" हे मला भिंतीतून रोज ऐकू येई. दुसऱ्या दिवशी भिंत गप्प. पाच वाजता बाहेर येऊन बघतो तर बाई पायरीवर बसलेल्या, मांडीवर रिकामी कळशी.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "दिवसभर मी सगळ्यांची नर्सबाय. सड्यावर तेवढं सगळ्या मला इंदू म्हणायच्या."

तेवढ्यात पाखाडीवर चपला वाजल्या. सगळ्या जणी येत होत्या आणि सर्वांत पुढे हमीदाभाभी. एकीच्याही कमरेवर कळशी नव्हती. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून गाव टकामका बघत होतं. भाभी अंगणाच्या तोंडाशी थांबल्या आणि भर रस्त्यात ओरडल्या,

"इंदू, हुकूम फाटला तर फाटला! ऊठ गो, तुझ्याशिवाय सडा चढवत नाय!"