सेनापतीचं दूध उतू जातं

'चौकी २१९०' या चित्रकथेच्या नव्या अंकात, सतराव्या पानावर, शत्रूची चारशे यानं चंद्रावर चालून येत असताना पोलादी चिलखतातला सेनापती आपल्या सैनिकांना म्हणाला, "आज पुन्हा दूध उतू गेलं. पुसायलाही मीच."

अंक बाजारात जाऊन दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी लेखक तो अंक मुठीत धरून कार्यालयात शिरला.

"मी काय लिहिलं होतं? 'वीरांनो, आज इतिहास आपल्याकडे बघतोय!' आणि छापलंय काय? दूध!"

मालकांनी चष्मा चढवला. खरं तर छपाईआधी अंक त्यांनी स्वतः वाचला होता. पण ते फक्त शुद्धलेखन बघतात, आणि शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती.

"काका!" मालकांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

काका म्हणजे फुगे भरणारा माणूस. पात्रांच्या तोंडापाशी जे पांढरे फुगे असतात, त्यांत संवाद नीट मावेल असा बसवायचा, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. लेखकाचे संवाद कधीच वेळेवर येत नसत. तोवर जागेचा अंदाज यावा म्हणून काका फुग्यांत मनाला येईल ते वाक्य टाकून ठेवत, आणि खरे संवाद आले की ते पुसून टाकत. पूर्वी त्यांच्या मनाला क्रिकेट यायचं, हवामान यायचं. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं. हल्ली मनाला येई ते सगळं घरातलंच, आणि ते ऐकायला घरात कुणी नव्हतं. म्हणून ते फुग्यांत जाई.

या खेपेला संगणकावर 'शेवटची पानं' आणि 'अगदी शेवटची पानं' अशा दोन फायली होत्या. काकांनी छापखान्यात धाडली ती शेवटची होती, अगदी शेवटची नव्हती.

मालक मोठ्याने वाचू लागले. अठराव्या पानावर शत्रूचा यंत्रमानव तोफ रोखून विचारत होता, "गॅस बंद केलाय ना? परत एकदा बघून या." एकोणिसाव्या पानावर एक जखमी सैनिक सांगत होता, "सवयीने दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायलो." आणि माघार घ्या, असा पृथ्वीवरून हुकूम आल्यावर सेनापती म्हणत होता, "घरी जाऊन तरी काय करायचंय?"

"हे काय आहे, काका?"

"जागा मोजत होतो."

"पण कुणाच्या घरातलं आहे हे?"

"कुणाच्याच नाही. सुचलं ते टाकलं."

मालकांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही काही दिवस घरी आराम करा. पुढचं पुढे बघू."

काकांनी आपली पिशवी उचलली. नोकरी गेली तरी ते उपाशी राहणार नव्हते. पण त्यांना दिवसातून दहादा हाक मारणारी माणसं जगात फक्त याच कार्यालयात होती. घरी जाऊन त्यांनी भांडी घासली. मग घासलेली भांडी पुन्हा घासली. रविवारी परगावच्या मुलीचा नेहमीसारखा फोन आला.

"कसे आहात, बाबा?"

"मजेत."

"जेवण?"

"फक्कड!"

दोन मिनिटांत फोन संपला आणि घर पुन्हा मुकं झालं. सोमवार कसाबसा ढकलला. मंगळवारी मालकांचा फोन आला.

"काका, इकडे फोन खाली ठेवायची सोय नाही! जो तो सेनापतीची चौकशी करतोय. एक बाई विचारत होत्या, त्यांना घरचं कुणी नाही का हो? एक म्हातारे फौजी म्हणाले, मी एकवीस वर्षं बर्फात पहारा दिला. लढाई झाली चार दिवस. बाकी सगळा वेळ आम्ही हेच बोलत होतो. तुम्ही उद्यापासून कामावर या."

बुधवारी काका कार्यालयात पोचले तेव्हा लेखक फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हो, हो, प्रयोगच होता तो. मुद्दाम केला." काकांना बघताच त्याने फोन ठेवला आणि आवाज खाली आणला.

"काका, पुढच्या अंकात शनीचा वेढा आहे. चार पानं. तुम्ही आपली जागा मोजून ठेवा. संवाद मी जरा उशिराच देईन."

"किती उशिरा?"

"द्यावेतच कशाला, असं वाटतंय."

काकांनी हरकत घेतली नाही. आयत्या बिळावर नागोबा बसला तर बसू दे. त्यांना टेबल परत मिळालं होतं, हाक परत मिळाली होती. त्यांनी शनीचं पहिलं पान उघडलं, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलगी! रविवार नसताना! काकांनी घाईने फोन उचलला.

"कसे आहात, बाबा?"

"मजेत."

"जेवण?"

"फक्कड!"

"तुमची नात कालपासून तो चंद्रावरचा अंक मोठ्याने वाचतेय. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. एकोणिसावं पान तिला परत वाचायला लावलं." मग म्हणाली, "शनिवारी आम्ही दोघी येतोय."

"अगं, कशाला उगाच? मी अगदी बरा आहे."

"खोटं बोलू नका, बाबा." ती म्हणाली. "सगळं छापून आलंय."

काकांनी समोरच्या रिकाम्या फुग्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना जागा भरायला वाक्य सुचेना.

"येताना," ते शेवटी म्हणाले, "दूध घेऊन या. सकाळी पुन्हा उतू गेलं."